कडुनिंबाखालच्या ताडपत्र्या

रुचिका हिंमतराव पाटील माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते आणि नंदुरबारच्या एका कॉलेजात गणित शिकवते. तिच्याबरोबर बाजारात जायचं तर घरातली कामं आधी उरकून घ्यावी लागतात. सुरतेची गाडी आली की स्टेशनाबाहेरच्या सगळ्या रिक्षा एकाच फाटकाशी का लोटतात आणि दुसऱ्या फाटकातून बाहेर पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना सामान घेऊन उलटं का चालावं लागतं, हे बघत ती रस्त्यात उभी राहते. कांदे मागे आणि कोथिंबीर पुढे का मांडली, हे भाजीवालीला विचारते. भाजीवाल्या आता तिला ओळखून आहेत. "उनी वं मास्तरीन," म्हणजे आली गं मास्तरीण, असं एकमेकींना सांगतात आणि तिच्यासमोर मुद्दाम टोपल्यांची जागा बदलून हसत बसतात. रुचिकाही हसते. पण बघणं सोडत नाही.

तिचं माहेर शहाद्याकडे, तापीच्या काठाला. घरची केळी, पपई आणि मिरची. तिचे वडील हिंमतराव हे पांढऱ्या टोपीतले, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. मुलगी बारावीला गणितात पहिली आली तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले. तिने पुढेही गणितच शिकायचं म्हटल्यावर मात्र ते चक्रावले.

"गनित शिकीसन काय करशी वं?" त्यांनी विचारलं होतं. "मन्ह्या पपया मोजशी?"

हा किस्सा ते अजून सांगतात आणि रुचिका अजून त्यावर चिडते. ती एम.एस्सी. झाली, मग पीएच.डी. झाली. पुण्यात मिळणारी नोकरी सोडून नंदुरबारला आली. का आली, असं विचारणाऱ्यांना ती सांगते, "इथली मिरची तिथे मिळत नाही." खरं कारण असं की आईच्या आजारपणात तिला गावाजवळ राहायचं होतं. आई गेली, ती मात्र इथेच राहिली.

आम्हाला कॉन्व्हेंटात सिस्टर गणित शिकवायच्या. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या लिहिल्या नसल्या तर गुण कापायच्या. दोन नळांनी हौद भरायची कितीतरी गणितं मी सोडवली, पण तो हौद कुणाचा आणि त्याला पाणी कशाला हवं होतं, हे मी कधी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. रुचिका वर राहायला आल्यापासून मला तो प्रश्न पडायला लागला.

मागल्या उन्हाळ्यात ती विद्यापीठातल्या एका शिबिराला गेली. शिबिराची रीत अशी की कारखान्यातली माणसं आपली अडचण घेऊन येतात, गणिताची माणसं त्यांच्याबरोबर आठवडाभर बसतात आणि शेवटी काहीतरी उपाय हातात ठेवतात. रुचिका तिथून परतली ती पायातल्या चपला न काढताच माझ्या स्वयंपाकघरात आली.

"काकू, लोक फळ्यापुढे भांडत होते हो! भांडण कशावरून, तर काचेच्या बाटलीच्या बुडावरून. ते एका बाजूला जाड का होतं म्हणून."

तिथेच तिला निशा भेटली. निशा सुरतेची, तीही गणिताचीच. तिने एका कापडगिरणीला कोणत्या रंगामागून कोणता रंग टाकीत घ्यायचा याचा क्रम लावून दिला होता. फिक्यानंतर जरा गडद, मग आणखी गडद, असं गेलं की टाकी सारखी धुवावी लागत नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. पण गिरणीला रंग आपल्या सोयीने नाही, गिऱ्हाइकाच्या घाईने लावावे लागतात, आणि खरं गणित तिथे सुरू होतं. दोघींची गट्टी जमली.

"आपल्या गावात कुणाला काय अडचण आहे, काकू?" रुचिकाने मला विचारलं.

"अडचण नसलेला माणूस दाखव आधी."

"तशी नाही हो. कुठे ठेवायचं, किती ठेवायचं, आधी काय करायचं, असे प्रश्न जिच्यात असतील अशी."

मला सुमेरमलजी आठवले.

सुमेरमलजींचे वडील राजस्थानातून आले आणि त्यांनी इथे मिरचीचा व्यापार मांडला. सुमेरमलजींची पत्नी तीजाबाई ही माझी जुनी शेजारीण. गावाबाहेर त्यांची पथारी आहे. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. बाजारात घेतलेली ओली लाल मिरची तिथे पसरतात, उलटीपालटी करतात, वाळली की देठ खुडून पोत्यात भरतात. दिवाळीपासून होळीपर्यंत ते मैदान इतकं लाल असतं की संध्याकाळी त्या रस्त्याने येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरही लाली दिसते. आणि खाट, म्हणजे मिरचीचा झणका, असा की बसमध्ये बसलेला प्रवासीही शिंकतो.

पण अलीकडे हिवाळ्यात पाऊस येऊ लागला आहे. दुपारपर्यंत लख्ख ऊन आणि मग एकदम आभाळ. वाळत आलेली मिरची भिजली की काळी पडते, बुरशी धरते. मागल्या दोन्ही हंगामांत सुमेरमलजींचा बराच माल तसा गेला होता. त्यांचा मुलगा पारस कंटाळला होता. पथारीची जमीन प्लॉट पाडायला विकायची आणि मिरची गुजरातेत यंत्रावर वाळवून घ्यायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

मी रुचिकाला त्यांच्या घरी घेऊन गेले. तीजाबाईंनी खाखरे पुढे केले.

"भाभीजी," सुमेरमलजी मला म्हणाले, "गणिताने पाऊस थांबतो काय?"

"पाऊस नाही थांबत, काका," रुचिका म्हणाली. "पण आभाळ दिसल्यापासून पाऊस पडेपर्यंत जो वेळ हातात असतो, तो कसा वापरायचा ते बघता येतं."

पारस मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "मॅडम, पाऊस केव्हा येणार ते सगळं यात येतं. तरी आमचा माल भिजतो."

"कळल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करणार? पळतो."

"कुठे?"

पारसने आता वर बघितलं. "म्हणजे? जिकडे सुचेल तिकडे."

"तेच मला बघायचंय," रुचिका म्हणाली.

पारस सरळ माणूस आहे. त्याने काही लपवलं नाही. "एक हंगाम बघा, मॅडम. याही वर्षी भिजलं तर होळीनंतर मी जमिनीचा सौदा करणार. बाबूजींनी मला शब्द दिलाय."

सुमेरमलजी खाखऱ्याचे तुकडे करत राहिले. शब्द दिला होता, हे खरं होतं.

सौदा झाला तर सगळ्यात आधी ज्यांचं काम जाणार होतं त्या बायकांची मुकादम भिकुबाई. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला आणि तोंडाला फडकं, आणि फडक्यातून दिसणारे दोन करडे डोळे. पथारीवरच्या सगळ्या बायका तिच्या हाताखाली. रुचिका पहिल्यांदा पथारीवर गेली आणि शिंकांनी बेजार झाली, तेव्हा भिकुबाईने स्वतःचं जास्तीचं फडकं तिच्याकडे फेकलं.

"तोंड बांध वं माय, नई तं तुन्हं गनित नाकमाईन निंघी जाई."

बायका खो खो हसल्या. मग भिकुबाई हलक्या आवाजात म्हणाली, "पथारी गई तं आम्ही ऊस तोडाले जासूत. पोरेसनी शाळा सुटी जास. तुले काही जमत व्हई तं कर."

रुचिका कॉलेज सुटल्यावर रोज तिथे जाऊ लागली. घरी आली की तिच्या कपड्यांच्या वासाने मलाही ठसका लागायचा. पथारीचं काम कसं चालतं, ते मला तिच्याकडून कळत गेलं. ओला माल ट्रकमधून फाटकाशी उतरतो, म्हणून तिथेच पसरतात. अर्धा वाळला की ओढत ओढत आतल्या मुरमाड बाजूला नेतात. म्हणजे वाळत आलेला, पावसाने सर्वात जास्त बिघडणारा माल फाटकापासून सर्वात लांब. आणि ताडपत्र्या कुठे, तर फाटकाशेजारच्या खोलीत. आभाळ आलं की बायका आतून फाटकाकडे पळणार, ताडपत्र्या घेणार, पुन्हा आत पळणार. तोवर पहिले थेंब पडलेले असायचे.

रुचिकाने सगळं मैदान कागदावर उतरवलं. निशाशी फोनवर बोलणी चालत. कोणत्या वक्कलाला, म्हणजे एकगठ्ठा घेतलेल्या मालाला, भिजल्याने किती धोका. कोणतं आधी झाकायचं. किती बायकांनी कुठे जायचं. हे सगळं दोघींनी मांडलं. संगणकाने क्रम लावून दिला. बायकांचे गट पडले, प्रत्येक गटाने फाटकाशी उभं राहायचं, ताडपत्री घ्यायची आणि ठरलेल्या ढिगाकडे जायचं. नियम साधा होता. ओल्या मालाला घाई नाही, तो पुन्हा वाळवता येतो. वाळलेला आधी. आणि ढीग जितका मोठा तितकी घाई जास्त.

एके दुपारी नुसतंच आभाळ भरून आलं, पावसाचं चिन्ह नव्हतं. पारस म्हणाला, "चला, रंगीत तालीम करू." त्या दिवशी रुचिकाने मलाही नेलं. मी पथारीवरच्या ऑफिसच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसले.

भिकुबाईने हाक दिली. बायका उठल्या. आणि फाटकाकडे यायच्या ऐवजी सगळ्याच्या सगळ्या उलट दिशेला, मैदानाच्या पार टोकाला असलेल्या कडुनिंबाकडे धावल्या.

रुचिका कागद हातात घेऊन फाटकाशी एकटी उभी राहिली.

कडुनिंबाखाली मिरचीची एक लहानशी रास होती. बायकांनी ती एका जुन्या चादरीने झाकली, प्रत्येकीने तिला हात लावला, हात कपाळाला लावला, आणि मग कुठे त्या फाटकाकडे ताडपत्र्या घ्यायला निघाल्या. सावकाश नाही, धावतच. पण वेळ जायचा तो गेलाच.

"मॅडम," पारस म्हणाला, "तुमचा कागद कडुनिंबाला दाखवला नव्हता वाटतं."

ती मुहूर्ताची रास होती. सुमेरमलजींच्या वडिलांनी या जागेवर पहिली मिरची पसरली ती त्या कडुनिंबाखाली. तेव्हापासून दर हंगामाची पहिली पाटी तिथे ओततात, नारळ फोडतात आणि ती रास हंगामभर विकत नाहीत. होळीला ती बायकांत वाटून टाकतात. त्यांच्या वर्षाच्या तिखटाची सोय त्यातून होते. रास देवाची आणि त्यांचीही. पाऊस आला की आधी ती.

रुचिका भिकुबाईकडे गेली. "माय, मी आधी फाटकाशी यायला सांगितलं होतं ना?"

"सांगं व्हतं. पन हाई पहिले."

"मग मला आधी का नाही बोललीस?"

भिकुबाईला खरंच नवल वाटलं. "माले वाटनं तुले ठाऊक शे. तू शेतकरीनी पोर ना!"

रुचिकाने हातातल्या कागदाची घडी घातली. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "काकू, आमच्या क्रमात ती रास सगळ्यात शेवटी होती. लहान म्हणून."

त्या आठवड्यात हिंमतराव लेकीला भेटायला आले. बरोबर पपया होत्या, त्या त्यांनी माझ्या ओट्यावर मांडल्या आणि लेकीचा चेहरा बघून विचारलं, "काय व्हयनं?" मी सांगितलं. ते टोपी मांडीवर काढून ठेवून मनसोक्त हसले.

"आरे बेटा, आपला खयावर पानी उनं का पहिले काय झाकेत? देवनी पाटी ना! आन त्यानावर कोन बसे? तूच बसे, फ्रॉक पसारीसन! तुन्ही माय आवाज दे, तरी उठे नई."

रुचिका लाल झाली. "मला ते खळं, ती देवाची पाटी आठवत होती, बाबा," ती म्हणाली. "तालीम बघतानाच आठवलं. पण त्याच्या आधी, मांडताना, ते मनातच आलं नाही. त्याला आकडा नव्हता ना."

"मंग आते दे आकडा," हिंमतराव म्हणाले आणि सुरी घेऊन पपई चिरायला बसले.

ते बोलणं सोपं होतं. रुचिकाने पहिल्यांदा सुमेरमलजींना विचारलं, की मुहूर्ताची रास फाटकाशी आणता येईल का? सुमेरमलजींनी जन्मात कुणाला एवढ्या चटकन नाही म्हटलं नसेल. "बापूजींचा नीम आहे तो. रास तिथून हलणार नाही." पारस म्हणाला, मग त्या राशीवर कायमचं छप्पर घालू, म्हणजे कुणी तिकडे जायला नको. भिकुबाईने मान हलवली. "छप्पर ऱ्हावो का काही ऱ्हावो, हात लावनाच पडस." पारसने हात वर केले. "यंत्रावर मिरची वाळवली की यंत्र कुणाला हात लावायला जात नाही," असं तो बापाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला.

हंगाम चालला होता. एकदा भुरभुर आली तेव्हा एक वक्कल काळं पडलं. पारसने ते बाजूला काढून ऑफिससमोर ठेवलं, येता जाता सगळ्यांना दिसेल असं.

एका रविवारी सकाळी रुचिका माझ्या जेवणाच्या टेबलावर निशाशी फोनवर वाद घालत होती. टेबल म्हणजे पथारी, माझ्या वाट्या म्हणजे वक्कलं. पोह्यांची ताटली फाटकाशी होती, ती ताडपत्र्यांची खोली. मिठाची बरणी म्हणजे कडुनिंब. निशाचं म्हणणं असं की राशीला जाऊन येण्याचा वेळ धरून सगळं पुन्हा मांडावं, दुसरा इलाज नाही. रुचिका म्हणत होती, तेवढा वेळ गेला तर आतला माल वाचतच नाही.

"मग त्यांना समजाव ना तू," फोनमधून निशाचा आवाज आला. "एका दिवसापुरतं तरी."

"नाही समजावणार. त्यांची रास आहे ती. मीही बसलेय तसल्या राशीवर." मग तिची नजर ताटलीवर गेली. "निशा, आपण बायका कुठून निघतात असं धरलंय?"

"फाटकापासून. ताडपत्र्या तिथे आहेत."

"पण त्या फाटकापासून निघतच नाहीत. त्या कडुनिंबापासून निघतात."

तिने ताटली उचलली आणि मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. वाळत आलेल्या मालाच्या वाट्या बरणीच्या अगदी जवळ होत्या. ओल्या मालाच्या वाट्या लांब, फाटकाकडे. जे आधी झाकायला हवं ते आता आधीच वाटेत येत होतं.

"काकू," ती म्हणाली, "ताडपत्र्याच तिकडे नेल्या तर?"

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. आणि मग बाकीचं सगळं पहिल्यापासून."

पोहे थंड झाले. ताटली टेबलाच्या त्या टोकालाच राहिली आणि मी दुसऱ्या ताटलीत नाश्ता वाढला.

निशा सुरतेहून गाडीने आली आणि काही दिवस रुचिकाकडे राहिली. बारीक अंगाची, सतत चहा पिणारी मुलगी. दोघींनी नव्याने मांडणी केली. आता सगळ्या बायका कडुनिंबाशी जाणार, राशीला हात लावणार, तिथूनच ताडपत्री उचलणार आणि आपापल्या दिशेला पांगणार. कोणत्या गटाने कुठवर जायचं, कुणाला ताडपत्री मोठी, कुणाला लहान, एकीचं झाकून झालं की तिने कुणाच्या मदतीला जायचं, हे सगळं ठरलं. भिकुबाईची एक सूचना होती, की कागद कुणी बघणार नाही. मग जुन्या साड्यांच्या रंगीत चिंध्या काढल्या. बांबू रोवून त्यांवर त्या बांधल्या आणि त्याच रंगाची चिंधी ताडपत्रीच्या टोकाला. हिरवी चिंधी हिरव्या बांबूकडे.

पारसचा शेवटचा आक्षेप चोरीचा होता. ताडपत्र्या उघड्यावर, फाटकापासून इतक्या लांब!

"बापूजी के नीम के नीचे चोरी कौन करेगा?" सुमेरमलजी म्हणाले. पण कडुनिंबाशी पत्र्याची खोली मात्र त्यांनी बांधून दिली, आणि तिची किल्ली भिकुबाईच्या कमरेला गेली.

नव्या मांडणीच्या दोन तालमी झाल्या. पहिलीत दोन रंगांच्या बायका एकमेकींवर आदळल्या आणि भांडल्या. दुसरी बरी झाली. पण तालीम ती तालीम. पारस म्हणाला, "पाऊस आला की बघू." जमिनीचा दलाल मधून मधून येऊन चहा पिऊन जात होता.

संक्रांत होऊन गेली होती. वर्षाच्या तिखटासाठी मिरची निवडायला तीजाबाई मला पथारीवर घेऊन गेल्या. रुचिकाचा कॉलेजात परीक्षेचा पहारा होता. सकाळी ऊन चांगलं होतं. आम्ही दोघी ओसरीवर बसून मिरच्या मोडून वास घेत होतो, रंगाची आणि तिखटाची कशी मिसळायची यावर आमचं नेहमीचं न मिटणारं भांडण चाललं होतं. तेवढ्यात वारा पडला. तापीच्या बाजूने आभाळ काळं होत वर आलं. पारसने मोबाइल बघितला, पण त्याच्या बोलण्याआधी भिकुबाईची हाक आली.

"चला वं, आभाय उनं!"

बायका उठल्या आणि कडुनिंबाकडे धावल्या. या वेळी त्यांनी तिकडेच जायचं होतं. रास झाकली गेली. हात लागत गेले, राशीला, कपाळाला, ताडपत्रीला. मग त्या पांगल्या. दाताळ्यांनी मिरची ओढायचा सर्र सर्र आवाज सगळ्या मैदानातून येऊ लागला. हिरवी, पिवळी, जांभळी चिंधी ज्या त्या बांबूपाशी जात होती. कडुनिंबाजवळचा सगळा माल निळ्या ताडपत्र्यांखाली गेला, मग त्यापुढचा. लाल मैदान एका टोकाकडून निळं होत फाटकाकडे येत होतं. तीजाबाईंनी माझा हात घट्ट धरला होता आणि त्यांच्या बोटांचं तिखट माझ्या मनगटाला चुरचुरत होतं, ते मला मागाहून कळलं.

पाऊस आला तो तिरपा आणि जोराचा. शेवटच्या रांगेतली एक ताडपत्री वाऱ्याने उडाली. सुमेरमलजी ओसरीवरून उतरले, तिच्या कोपऱ्यावर जाऊन चक्क मांडी घालून बसले आणि पाऊस थांबेपर्यंत उठले नाहीत. फाटकाजवळचा ओला माल भिजला, तो तसाही ओलाच होता. अर्धवट वाळलेलं एक वक्कल मात्र झाकता झाकता राहिलं, ते गेलं.

पाऊस सरल्यावर पारस एकेका ताडपत्रीखाली हात घालत फिरला. आतपर्यंत, कोपरापर्यंत. कडुनिंबापाशी पोचल्यावर त्याने पायातले बूट काढले. मुहूर्ताच्या राशीलाही त्याने हात लावून बघितलं. ती कोरडी आहे का हे बघायला, की आणखी कशाला, ते मला इतक्या लांबून कळलं नाही.

रुचिका आली ती रिक्षातून, ओलीचिंब, हातात अजून पहाऱ्याचा बिल्ला. परीक्षेच्या हॉलच्या खिडकीतून तिने आभाळ बघितलं होतं आणि तिला जागेवरून हलता आलं नव्हतं. फाटकातून आत येऊन ती उभी राहिली आणि त्या निळ्या मैदानाकडे बघू लागली.

"पानी यी गयं, आन तू आते उनी?" भिकुबाई लांबूनच ओरडली.

"पेपर होता गं माय!"

"आम्हना बी पेपर व्हता. पास व्हयनूत!"

बायका इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला, मग दुसरीला, मग सगळ्यांनाच. रुचिका तोंडाला ओढणी लावून हसत होती की रडत होती, हे त्या खाटात सांगणं कठीण होतं.

पारस तिच्याजवळ आला. मला वाटलं आभार मानेल. तो म्हणाला, "मॅडम, देठ खुडायच्या शेडमध्ये पण एक भानगड आहे. खुडलेली मिरची एकीकडे साठते, पोती दुसरीकडे, आणि बायका मध्ये अडकतात. तुम्ही आणि त्या सुरतवाल्या मॅडम, दोघी बघाल का?"

"बघू की," रुचिका म्हणाली. "पण या वेळी आधी मी तिथे काम करीन थोडे दिवस. कागद मग."

"पुढच्या हंगामाला वेळ आहे," पारस म्हणाला. पुढचा हंगाम असणार आहे, हे त्याने आम्हाला सांगितलं ते इतकंच. त्यानंतर दलाल चहाला आला नाही.

होळीच्या आदल्या दिवशी मुहूर्ताची रास वाटली. पहाडातल्या काही बायकांना काठी गावच्या होळीला जायचं होतं, म्हणून वाटप सकाळीच उरकलं. भिकुबाई कडुनिंबाखाली बसून पाटीने मोजून प्रत्येकीच्या पदरात मिरची घालत होती. रुचिका बाजूला उभी होती, बघत. तिच्या नेहमीच्या सवयीने.

"ये वं मास्तरीन, पसार ओढनी," भिकुबाई म्हणाली.

"मला कशाला, माय? मी काय काम केलं इथे?"

"हात लाया ना तू राशीले? पानी उनं त्या दिनले?"

"लावला. पण नंतर. पाऊस थांबल्यावर."

भिकुबाईने जरा विचार केला. मग पाटीतली थोडी मिरची काढून परत राशीत टाकली आणि उरलेली रुचिकाच्या ओढणीत ओतली. "उशिरा उनी, म्हनीसन थोडी कमी," ती म्हणाली. "पुढला साल लवकर ये."

ती मिरची रुचिकाने माझ्या ओट्यावर आणून ठेवली. आम्ही ती कुटली तेव्हा वरच्या आणि खालच्या दोन्ही मजल्यांवर शिंका चालल्या होत्या. हिंमतरावांना एक बरणी पाठवली. त्यांचा फोन आला, की तिखट फार जहाल आहे, आणि आता तरी कुणी त्यांच्या पपया मोजायला येणार आहे का.